अक्रोडाचा कोपरा वगळून

गिहोचा फोन आला तेव्हा पिलसुन मुळ्याला मीठ चोळत बसली होती. हात मिठानं भरलेले, म्हणून तिनं फोन टेबलावरच ठेवून स्पीकर लावला. तिथंच घात झाला, कारण पलीकडच्या खोलीतल्या सासूबाईंना शब्द न् शब्द ऐकू गेला.

"वहिनी, ठरलं बरं का. अधिक महिन्याची नऊ तारीख. बांग म्हाताऱ्याशी बोललोय, सकाळी आठला डोंगराखाली हजर राहतो म्हणाला. बाबांना वर काढायचं, भट्टीत द्यायचं, आणि दुपारपर्यंत अस्थिघरात दादाच्या शेजारी नेऊन ठेवायचं. प्यो दलाल विक्रीचे कागद घेऊन डोंगरावरच येणार आहे. तुम्ही तुमचा सहीचा शिक्का तेवढा विसरू नका."

"नऊ म्हणजे... भावजी, आठच दिवस राहिले की!"

"आठ दिवस काय कमी झाले? आता मध्येच काही काढू नका हं. गेल्या खेपेला आधी तुमचा गुडघा, मग हेजिनचं बाळंतपण. अधिक महिना काय दरवर्षी येतो? थडगं हलवायचं तर ह्याच महिन्यात, मेलेल्यांची नजर आपल्यावर नसते तोवर." मग त्याचा आवाज जरा उतरला. "आणि बांगला मी सांगितलंय, दात नीट शोध म्हणून. बाबांचा वरचा दात सोन्याचा होता ना? ते हसले की चमकायचा. मला बाबांचं तेवढंच आठवतं, वहिनी. विकायला नकोय हो मला. असाच हवाय."

फोन बंद झाला. पिलसुनच्या हातातला मुळा मिठात तसाच राहिला होता.

"नऊ तारीख ना?" पलीकडून सासूबाईंचा आवाज आला. "मला वर नेशील ना गं, हेजिनच्या आई?"

"अहो आई, तुम्ही कशाला? एक्याण्णव वर्षं झाली तुम्हाला. उघडलेलं थडगं धडधाकट माणसाला बघवत नाही."

"नवरा माझा आहे. मी नाही बघायचं तर काय त्या दलालानं बघायचं?"

आणि सगळं घोडं इथंच अडलं होतं. त्या थडग्यात सासूबाईंचा नवरा नव्हताच मुळी.

ही गोष्ट अख्ख्या जगात एकट्या पिलसुनला ठाऊक होती, आणि ठाऊक नसती तर बरं झालं असतं असं तिला रोज सकाळी उठल्यावर वाटायचं. सात वर्षांपूर्वी तालुक्याच्या दवाखान्यात तिचा नवरा मुन्शिक अखेरच्या घटका मोजत होता. नाकात नळ्या, अंगात ताप. त्यानं तिचं मनगट पकडलं आणि म्हणाला, "ते बाबा नाहीत." तिला वाटलं, तापात बरळतोय. पण तो बरळत नव्हता.

मुन्शिकचे वडील वारले तेव्हा मुन्शिक वीस वर्षांचा होता आणि गिहो सहा. डोंगरावर खड्डा मुन्शिकनं स्वतःच्या हातानं खणला, थडग्यापाशी एक सपाट दगड ठेवला आणि तो पोट भरायला बुसान शहरात गेला. तिथून पुढं अरबांच्या वाळवंटात, काँक्रीट ओतायला, सात वर्षं. गिहोला शिकायला मावशीकडं पाठवलेलं. थडग्यावरचं गवत काढायला दर शरदात सासूबाई एकट्या जायच्या. मग एके साली मिरच्या वाळत घालताना त्या शिडीवरून पडल्या, कंबर मोडली, आणि दोन वर्षं डोंगराकडं कुणीच फिरकलं नाही.

तिसऱ्या वर्षी मुन्शिक परत आला तो नेमका गवत काढायच्या दिवसांत. घरात पाऊल टाकलं तसाच कोयता घेऊन निघाला. आईनं अंथरुणातून हाक मारली, "अरे, कुठं आहे ते विचारून तरी जा!" तर हा म्हणतो, "माझ्या हातानं खणलंय मी ते. मला कुणाला विचारायचंय?" थोरला मुलगा ना! बापाचं थडगं कुठं ते विचारलं असतं तर नाक कापलं गेलं असतं त्याचं.

पण तो सोडून गेला होता तो डोंगर बोडका होता. तेव्हा गावातलं प्रत्येक घर सरपणासाठी डोंगर ओरबाडायचं. अकरा वर्षांत घरोघरी कोळशाच्या वड्या आल्या, मग गॅस आला, आणि डोंगरानं असा सूड उगवला की हातभर अंतरावरचं दिसेना. मुन्शिक सकाळपासून दुपारपर्यंत काट्याकुट्यांतून फिरला. शर्ट फाटला, गुडघे सोलवटले. शेवटी झुडपात एक मातीचा उंचवटा सापडला. त्यानं तो साफ केला, डोकं टेकवलं आणि खाली येऊन अख्ख्या गावाला सांगितलं, "बाबा सापडले!"

दुसऱ्या वर्षी त्यानं आईला पाठीवर घेऊन वर नेलं. आई थडग्यावर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडली, आणि त्याच दिवशी मुन्शिकला कळलं की आपण चुकलो. कसं कळलं ते त्यानं पिलसुनला सांगितलं नाही. पुढचे तीन शरद तो चोरून डोंगर पालथा घालत होता, पण खरं थडगं काही हाती लागलं नाही. "आईला कळता कामा नये," तो दवाखान्यात म्हणाला. "परक्यापुढं रडत आले हे कळलं तर ती जगायची नाही. ते थडगं कधी उघडू देऊ नकोस." पिलसुननं वचन दिलं. तो मोकळा होऊन गेला, आणि ओझं हिच्या डोक्यावर.

तेव्हापासून सात वर्षं ती दर शरदात वर जात होती. कुणाच्या कोण माणसापुढं सुका मासा, नाशपाती आणि तांदळाची दारू मांडत होती, दोन वेळा वाकून नमस्कार करत होती. सासूबाईही हट्टानं यायच्या, बटाटे वाहायच्या हातगाडीत बसून. त्यांचंही एकेक तंत्र असायचं. घोंगडी जाडच हवी. नाशपाती सोललेली नको. डोळ्यांत मोतीबिंदू, तरी दरवर्षी विचारायच्या, "नदी दिसते का गं इथून?" तिथून नदी कसली, पाईनचे बुंधे तेवढे दिसायचे. पण मुन्शिक "दिसते आई" म्हणायचा, म्हणून पिलसुनही म्हणायची, "दिसते हो, चकाकतेय नुसती." म्हातारीचं मन कशाला मोडा? मग त्या डोंगराच्या देवासाठी म्हणून एक पेला डावीकडच्या अक्रोडांकडं भिरकावायच्या, आणि दरवर्षी त्यातली निम्मी दारू पिलसुनच्या पायावर सांडायची.

असा तो डोंगर. चार पिढ्यांत कुणी नांगर लावला नाही की भिंत घातली नाही. मुन्शिकच्या मागं तो पिलसुनच्या नावावर झाला. आता कुठल्याशा कंपनीला तिथं उन्हाची वीज करायच्या काचा बसवायच्या होत्या. अट एकच, जागा मोकळी हवी, थडगं एकही नको. पिलसुननं तीन वर्षं टाळाटाळ केली. पण गेल्या हिवाळ्यात खुद्द सासूबाईच म्हणाल्या, "विकून टाक गं. तुझा गुडघा गेला, हेजिन दूर देशी. तुझ्या मागं गवत कोण काढणार?" ह्यावर काय बोलणार? पिलसुननं विसार घेतला.

दुसऱ्या दिवशी ती बाजारात प्यो दलालाकडं गेली आणि म्हणाली, "विसार परत घ्या, मला नाही विकायचं." प्योनं चष्मा कपाळावर चढवला.

"बाई, शिक्का मारलाय तुम्ही. आता मोडलंत तर दुप्पट द्यावं लागतं. आणि वर गिहोराव तुम्हाला कारण विचारतील. काय सांगाल?"

काय सांगणार, कपाळ? ती तिथून उठली आणि दारूची मोठी बाटली घेऊन बांग म्हाताऱ्याच्या घरी गेली. चाळीस वर्षं थडगी उघडत आलेला माणूस. अंगणात कुदळीला दांडा बसवत होता.

"बांग काका," तिनं बाटली पुढं सरकवली. "पन्नास वर्षांनी काय राहतं हो आत?"

"मातीवर असतं. पाणी धरणारी असेल तर केससुद्धा राहतात. तुमची तांबडी, कोरडी. हाडं अशी छान पिवळी निघतील की बघत राहाल."

"आणि कळतं का? म्हणजे... बाई आहे का बाप्या?"

बांगनं दांडा खाली ठेवला. "कंबरेचं हाड हातात घेतलं की डोळे झाकून सांगतो. बाईचं पसरट असतं, पोर बाहेर यायला वाट नको का? का हो?"

"काही नाही. आपलं असंच."

"असंच म्हणून एवढी मोठी बाटली कुणी आणत नाही, बाई."

पिलसुन तिथून निघाली ती जवळजवळ पळतच. रस्ताभर एकच गोष्ट डोक्यात. आतलं माणूस बाप्या निघो, देवा, एवढं तरी कर! पण बाप्या असून उपयोग काय? सोन्याचा दात कुठून आणायचा? मेलेल्या माणसाच्या तोंडात दात उगवत नाही.

त्या आठ दिवसांत तिच्या घशाखाली धड घास उतरला नाही. डोळा लागला की मुन्शिक दिसायचा, नाकातल्या नळ्यांसकट, नुसता बघत राहिलेला. तिनं ठरवलं, आपणच सांगून टाकू. डोंगरावर सगळ्यांदेखत कळण्यापेक्षा घरात कळलेलं बरं. आठ तारखेला सकाळी पेजेची वाटी घेऊन ती सासूबाईंपुढं बसली. चमचा तोंडाशी नेला, आणि त्या सुरकुतलेल्या तोंडाकडं बघून तिचा धीर सुटला. ह्या बाईनं नवऱ्यासाठी म्हणून अडतीस वर्षं आसवं गाळलीत. तिला कसं सांगायचं, की ती वाया गेली?

"काही सांगायचंय का तुला?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही बाई. मला काय सांगायचंय?"

"बरं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी तोंड मिटलं. उरलेली पेज काही घेतली नाही.

नऊ तारखेला आभाळ स्वच्छ होतं. रानात गुलाबी फुलं उमलली होती, आणि ती बघायला पिलसुनला डोळे नव्हते. सासूबाईंना बसवून ती हातगाडी ढकलत होती. पुढं गिहो चालत होता. पंचावन्न वर्षांचा गडी, नवा काळा कोट घालून आला होता. बापाला भेटायला जातोय ना! ते बघून तिला आणखीनच भरून आलं.

बांग आणि त्याचा जोडीदार आधीच पोचले होते. डोंगराच्या देवाला दारू वाहून झाली. सासूबाईंना घोंगडीवर बसवलं. ह्या खेपेला त्यांनी नदीचं काही विचारलं नाही, पिलसुनच्या ते ध्यानातही आलं नाही. बांगनं कुदळ उचलली, उंचवट्यावर तीन ठिकाणी घाव घातला आणि प्रत्येक घावाला ओरडला, "थडगं मोडतोय हो! थडगं मोडतोय!" आतल्या माणसानं दचकू नये म्हणून ओरडतात. बाहेरचं माणूस दचकून मेलं तरी कुणाला पर्वा नसते.

माती भराभर निघाली. कमरेइतकं खणून झाल्यावर बांगनं कुदळ टाकली आणि तो खुरपं घेऊन खाली उतरला. लाकूड केव्हाच कुजून गेलं होतं. मग पायाचं हाड दिसलं. बांगनं म्हटल्याप्रमाणं पिवळं, कोरडं. गिहोनं टोपी काढली. एकेक हाड कुंच्यानं साफ होऊन वर पसरलेल्या पांढऱ्या कागदावर येऊ लागलं. पाय, गुडघे, मांड्या. पिलसुन मोजत होती, आता पुढचं कंबरेचं.

बांगनं कंबरेचं हाड हातात घेतलं. उलटसुलट केलं. थांबला. मग मान वर करून त्यानं थेट पिलसुनकडं पाहिलं. बाई! थडग्यात बाई होती.

"काय झालं?" गिहो वाकला.

"काही नाही, काही नाही," बांग म्हणाला. पण तेवढ्यात डोक्याच्या बाजूनं खणणारा त्याचा जोडीदार ओरडला, "अहो, हे काय निघालं?"

त्याच्या हातात वीतभर लांबीची काळी पडलेली कांडी होती. गिहोनं ती घेऊन अंगठ्यानं घासली. आत चांदी चमकली. टोकाला कळी कोरलेली. अंबाड्यात खोचायची काडी, बायकांची. लहान पोरानंसुद्धा ओळखली असती.

"बाबांच्या थडग्यात अंबाड्याची काडी?" गिहोचा चेहरा उतरत चालला. "आणि दात? काका, दात कुठाय? सोन्याचा?"

"दात पांढरेच आहेत सगळे," जोडीदार बोलून बसला. बांगनं त्याला कोपरानं ढोसलं, पण व्हायचं ते होऊन गेलं.

पिलसुननं डोळे मिटून घेतले. झालं, आता सगळं उघडं पडणार. आता सासूबाई विचारतील, आणि मला बोलावं लागेल, आणि ही म्हातारी ह्याच घोंगडीवर प्राण सोडेल. मुन्शिक, मला माफ कर रे!

"आण इकडं," सासूबाई म्हणाल्या.

गिहोनं काडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती घागऱ्याच्या टोकानं पुसली, कळीवरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा.

"माझीच आहे," त्या म्हणाल्या. "लग्नातली. मी घातली होती त्याच्या उशाला. तुझा बाप अंधाराला भ्यायचा. म्हटलं, माझं काहीतरी असू दे सोबतीला."

"कधी बोलली नाहीस!"

"तुला काय काय सांगायचं? सहा वर्षांचा होतास. चड्डीत मुतत होतास."

"आणि दात?"

"पुरायच्या आधी मी काढून घेतला आणि विकला. तू मावशीकडं शाळेत गेलास ते नव्या बुटांत गेलास. ते बूट काय आभाळातून पडले होते?"

गिहो उभा होता तिथंच खाली बसला. त्याचे खांदे हलायला लागले आणि तो हमसून हमसून रडू लागला. बांग अजून कंबरेचं हाड हातात धरून उभा होता. "आजी," त्यानं घसा खाकरला, "हे हाड जरा..."

"माझा नवरा हाडापेरानं बाईसारखाच होता. तू तुझं काम कर बाबा."

बांगनं म्हातारीकडं पाहिलं, मग पिलसुनकडं. मान लववली आणि हाड हलकेच कागदावर ठेवलं.

पिलसुनला सुटल्यासारखं वाटलं नाही. सासूबाईंची लग्नातली काडी घरी कपाटाच्या खालच्या खणात, लाल कापडात होती. नव्या वर्षाला पिलसुननंच तर ती घासून ठेवली होती! म्हणजे म्हातारी धडधडीत खोटं बोलली. म्हणजे हिला ठाऊक होतं. कधीपासून? आणि मी सात वर्षं हिच्या तोंडावर काय काय बोलत आले, तेही सगळं ठाऊक होतं? भीती संपली असं वाटायच्या आतच ती दुसऱ्या दारानं आत शिरली.

इतक्यात प्यो दलाल धापा टाकत वर पोचला. मोकळा झालेला खड्डा बघून त्याला उकळ्या फुटल्या. "वा वा, काम फत्ते! घ्या बाई, इथं शिक्का मारा. परवा पोकलेन येतोय, आठ दिवसांत डोंगर तळहातासारखा सपाट."

पिलसुननं पिशवीतून शिक्का काढला.

"अक्रोडाचा कोपरा वगळून," सासूबाई म्हणाल्या.

"काय?"

"डोंगर द्या. अक्रोडाच्या झाडांचा कोपरा द्यायचा नाही. तसं लिहा."

"आजी, असं कसं?" प्यो हसला. "हद्द सरळ हवी कंपनीला. असा तुकडा कसा सोडायचा?"

गिहो नाक पुसत उठला. "आई, डोकं फिरलं का तुझं? तोंडात एक दात नाही तुझ्या! अक्रोड कोण खाणार आहे?"

सासूबाई त्याच्याकडं बघतच नव्हत्या. मोतीबिंदूचे ते पांढरट डोळे पिलसुनवर खिळले होते. कारण काय ते पिलसुनला कळलं नव्हतं, देवाशपथ कळलं नव्हतं. पण तिनं शिक्का मुठीत आवळला.

"आई म्हणतात तसं लिहा," ती म्हणाली.

"वहिनी, तुम्हीसुद्धा?"

"डोंगर माझ्या नावावर आहे, भावजी. अक्रोडाचा कोपरा वगळून लिहिलं तर शिक्का मारते. नाहीतर कंपनीला सांगा, दुसरा डोंगर बघा. विसार दुप्पट गेला तरी चालेल." आपला आवाज एवढा मोठा आहे हे तिला आज पहिल्यांदा कळलं.

प्यो बाजूला जाऊन बराच वेळ फोनवर वाकड्या तोंडानं बोलत राहिला. परत आला तो भाव कमी होईल, मोजणी पुन्हा करावी लागेल, असं कुरकुरत. पण कागदावर हातानं ओळ घातली. पिलसुननं ती दोनदा वाचली आणि मगच शिक्का मारला. गिहो रागानं लाल झाला होता. हाडांची पेटी छातीशी धरून तो बांगबरोबर खाली निघून गेला. त्या पेटीला मात्र त्यानं जराही हिसका बसू दिला नाही.

"आता मला तिकडं ने," सासूबाई म्हणाल्या.

झाडीत हातगाडी जाईना. पिलसुननं त्यांना पाठीवर घेतलं. भरलेल्या उशीएवढंही वजन नव्हतं. त्यांचा श्वास तिच्या कानाशी लागत होता आणि प्रत्येक पावलाला तिला वाटत होतं, आता बोलतील, आता मला आणि माझ्या नवऱ्याला शिव्या घालतील. बोलल्या नाहीत. सगळ्यांत जाड बुंध्याच्या अक्रोडापाशी त्यांनी तिच्या खांद्यावर थाप मारली.

"उतरव इथं."

खाली बसून त्यांनी हातांनी वाळकी पानं सारायला सुरुवात केली. पानांखाली आणखी पानं, मग माती. पिलसुनही गुडघ्यांवर बसून सारू लागली. बोटांना दगड लागला. सपाट, चौकोनी.

"नमस्कार कर सासऱ्याला," सासूबाई म्हणाल्या.

पिलसुननं दगडावर डोकं टेकवलं. मग तिनं विचारलं, "आई, कधीपासून?"

"पहिल्याच खेपेपासून. मुन्शिकनं मला पाठीवरून तिथं नेलं. रडून झाल्यावर ध्यानात आलं, नदी दिसत नाही, तिचा आवाजही येत नाही. मी विचारलं, नदी दिसते का रे? त्यानं मान वळवून पाहिलं आणि त्याच्या पाठीला दरदरून घाम सुटला. माझा हात होता ना त्याच्या पाठीवर. म्हणाला, दिसते आई. तेव्हा मला कळलं, आणि त्यालाही तेव्हाच. हे झाड मीच लावलं होतं ह्यांच्या उशाशी, तो वाळवंटात असताना. पुढं खारींनी अक्रोड पुरून पुरून हे रान केलं. पोरगा बिचारा उघडा उतार शोधत राहिला."

"मग बोलला का नाहीत हो?"

"काय बोलू? सात वर्षं वाळूत राबून आलेला पोरगा. बाप सापडला म्हणून गावभर मिरवला होता. म्हटलं, पुढच्या वर्षी आपणहून सांगेल. दरवर्षी विचारत गेले, नदी दिसते का? तो दिसते म्हणत गेला. मग तो गेला, तर तुला विचारायला लागले. तू तरी सांगशील म्हणून." त्यांनी नाक ओढलं. "तूही त्याचीच बायको!"

पिलसुन रडायला लागली. सात वर्षांची भीती, आणि ही म्हातारी तिच्यापुढं बसून दरवर्षी दार उघडून देत होती. "आणि ती बाई, आई? तिला आता अस्थिघरात ह्यांच्या शेजारी ठेवणार. माझ्या नवऱ्याच्या शेजारी परकी बाई!"

"परकी कसली? अडतीस वर्षं आपल्या हातचं खाल्लं तिनं. तिच्याकडं दुसरं कोण फिरकलं? राहू दे." सासूबाईंनी दगडावर हात ठेवला. "मला इथं आणून ठेवाल तेव्हा ह्यांचा दात काढ आणि गिहोला दे. आहे तो, खाली आहे. तेव्हा सगळं सांग त्याला. मी नसेन, मग भांडेल कुणाशी?"

वारा आला. अक्रोडांना अजून पालवी फुटली नव्हती, नुसत्या फांद्या. सासूबाईंनी चेहरा वर केला आणि डोळे बारीक केले.

"आता सांग. नदी दिसते का गं इथून?"

पिलसुन उठून उभी राहिली. फांद्यांच्या मधून खाली वळण घेतलेली नदी दिसत होती, काठचा पांढरा वाळूचा पट्टा, पुलावरून जाणारा एक ट्रक, आणि अलीकडं त्यांच्या घराचं निळं छप्पर. पाण्याचा आवाजही येत होता.

"दिसते आई," ती म्हणाली.

सासूबाईंनी मान हलवली आणि पेल्यात दारू ओतायला सांगितलं.